कापसाच्या घरात फोमची मॅट

ट्रेकवाल्या मैत्रिणींनो, उद्या सकाळी जंगलातल्या कॅम्पला निघायचं आहे आणि माझी बॅग अजून उघडीच आहे. सल्ला हवाय.

मी दोन हलक्या मॅट मागवल्या होत्या, एक ठेवून दुसरी परत करायची म्हणून. फुगवायची मॅट छोट्याशा पिशवीत मावते, पण आमच्या रानात बाभळीचे काटे. फोमची जरा जागा खाते, पण काट्याला भीत नाही. बाबांनी लहानपणी कापूस हातात घेऊन पारखायला शिकवलं, तशाच दोन्ही दाबून, चोळून, वर झोपून पाहिल्या. फोमची ठरली.

आईने टोमणा मारलाच. "घरात छतापर्यंत कापूस हाये, अन् हे पोट्टी झोपाले फोम आणून राह्यली."

यंदा भाव वाढेल या आशेवर झोपायच्या खोलीतच कापूस भरलाय. त्यातले किडे गादीत, गोधडीत शिरलेत. आईच्या अंगाला सारखी खाज सुटते, धड झोप होत नाही.

दुपारी बॅग भरायला आले, तर आई ओसरीत त्याच मॅटवर पडलेली. "काय असते एवढं त्यात, पाहून राह्यली," म्हणाली, आणि बोलता बोलता झोपली. मी शेजारीच बसून होते. तिने एकदाही खाजवलं नाही.

ती मॅट घरीच राहील. आईला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ती स्वतः गुंडाळून माझ्या बॅगेला बांधेल.

आता खरं सांगा, काट्यांच्या रानात फुगवायची मॅट रात्र काढते का? खाली काय अंथरू?