हरमलच्या वाळूत गायलेले धवले

माझ्या सासूबाईंचं नाव राहीबाई भोईर. वय पासष्टच्या आसपास, नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही. भिवंडीत टेमघरला आमचं घर आहे आणि तीसेक वर्षं त्या आमच्या भागातल्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात, आणि ते गाऊन लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. आईंच्या डोक्यात दोन दिवस पुरतील एवढे धवले आहेत. त्यातला एकही कुठे लिहिलेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बायपासजवळच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. आई तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकाजवळ बसून गायला लागल्या, तेवढ्यात कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा माणूस वाकून म्हणाला, "मावशी, दहा मिनिटांत आटपा. नवरीच्या एंट्रीची वेळ झालीय." आईंनी दहा मिनिटांत आटपलं. घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण पुढची दोन बोलावणी आली तेव्हा घसा बसलाय म्हणून कळवून टाकलं. घसा चांगला होता. स्वयंपाकघरात गुणगुणायच्या त्या मात्र बंद झाल्या, आणि ते मला जास्त टोचलं.

म्हणून मीच नवऱ्याच्या, हितेशच्या मागे लागले की जानेवारीत चार दिवस आईंना घेऊन गोव्याला जाऊ. सासरे म्हणाले, "मी घर राखतो, तुमी जावा." हितेशने मोबाईलवर खोल्या बघितल्या आणि समुद्राला लागून स्वस्तात मिळते म्हणून हरमलची खोली घेतली. हरमलला बाहेरचं जग आरंबोल म्हणतं आणि तिथे कोण राहतं, हे त्याने बघितलं नव्हतं.

दिवसभर गाडी चालवून आम्ही पोचलो. किनाऱ्याकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना झालरींचे कपडे, शंखांच्या माळा, हात बघणारे, गोंदणारे. जटा वाढवलेला एक उघडा माणूस तोल सांभाळत दोरीवरून चालत होता. बिकिनीतल्या दोन बाया सायकल ढकलत समोरून आल्या, तसा हितेश एकदम दुकानातल्या टोप्या बघायला लागला.

खोलीवर पोचल्या पोचल्या तो मला म्हणाला, "उद्या सकाळी दुसरीकडे जाऊ. आईला काय वाटेल?"

आईंनी ते ऐकलं. "काय वाटल? माजी आय खाडीन चिंबोऱ्या धराला उतरायची, तवा लुगरा मांडीवर असाचा. तवा कोनी टोप्या बघाला जात नव्हता."

हितेशने बॅगा उघडल्या. आम्ही तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याआधी उठून किनारा फिरून आल्या होत्या. कोण कुठे योगा करतं, कोणाचा कुत्रा लंगडतो, चहा कोणाकडे बरा मिळतो, सगळं त्यांना कळलं होतं. कोणत्या भाषेत विचारलं, ते मी विचारलं नाही. भिवंडीत राहून आईंना हिंदी येते, आणि हिंदी संपली की त्या हात वापरतात.

संध्याकाळी सूर्य कलला की तिथे वाळूत लोक रिंगण करून बसतात. मांडीत धरायचे ढोल असतात, कोणी बासरी आणतं, आणि मधे ज्याला वाटेल तो नाचतो. आई पदर खोचून रिंगणात जाऊन बसल्या. अर्धा तास ऐकून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताल बेस हाय यांचा. पन गाना कवा सुरू व्हनार?"

"आई, गाणं नसतंच. नुसता ताल."

"असा कसा?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि हळदीचा धवला धरला.

वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. धवल्याला वाद्य लागत नाही, तो लांबलचक, एका दमात वर चढून पुन्हा खाली येतो. एकेक ढोल थांबत गेला. जटावाला माणूस मांडी घालून खाली बसला. आई देवांना बोलावत होत्या, खाडीला बोलावत होत्या, कुळातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावत होत्या. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग एक मुलगी उठून आईंजवळ आली आणि मराठीत म्हणाली, "आजी, हे काय होतं?"

तिचं नाव क्षितिजा. मूळची मिरजेची, आता हरमलला मातीच्या शिट्ट्या आणि भांडी करून विकायची. तिच्यासोबत इल्या नावाचा रशियन मुलगा होता, उंच, लाजरा, बासऱ्या बनवणारा. धवला म्हणजे काय हे आईंनी सांगितलं, तसे तिचे डोळे मोठे झाले.

"आजी, आम्ही परवा लग्न करतोय. इथेच, वाळूत. एक मित्र दोन शब्द बोलणार होता. तुम्ही लावाल आमचं लग्न?"

"लाविन की," आई म्हणाल्या. "तुजे आयचा नाव काय?"

मुलीने हातांची वाळू झटकली. मग म्हणाली, "नाव कशाला लागतं?"

"नाव घेतल्याबिगर धवला पुरं जात नाय. आय, बापूस, मामा, आत्या, सगल्यांची नावा लागतान."

"आईचं नाव कमळ. बाबा नाहीत."

"कमलाबायला ठावं हाय का, तुजा लगीन हाय ता?"

तिने नकारार्थी मान हलवली. दोन वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. बँकेची नोकरी सोडून ती इकडे आली तेव्हा भांडण झालं होतं, तेव्हापासून.

आईंनी तिचा हात हातात घेतला. "पोरी, धवल्यान मी गानार, कमलाबाय मांडवान उबी हाय. आन् ती नाय. मंग मी खोटा गाऊ? आजपरयंत मी खोटा धवला गायला नाय."

मुलगी हात सोडवून निघून गेली. परतताना हितेश म्हणाला, "आई, तिचं ती बघून घेईल. कशाला बोललीस?" आई खोलीकडे चालत राहिल्या. जेवल्याही कमी.

सकाळी दार उघडलं तर क्षितिजा पायरीवर बसलेली. हातात मोबाईल होता. "मी लावते फोन," ती आईंना म्हणाली, "पण तुम्ही बसा इथे."

फोन लागला. पलीकडून "हॅलो" आलं आणि क्षितिजाला पुढे बोलताच येईना. तिने फोन आईंच्या हातात दिला. आईंनी तो तोंडासमोर धरून मोठ्याने सांगितलं, "कमलाबाय, मी भिवंडीची राहीबाय. तुजी पोर माजे बाजूला बसलीय. धरधाकट हाय. रडतं हाय, म्हनून मी बोलतंय."

पलीकडून आवाज आला, "तिथे जेवते का नीट?"

"नाय. पाला खातं," आई म्हणाल्या.

क्षितिजा रडता रडता हसली. तिने फोन घेतला आणि मोगऱ्याच्या कुंडीपाशी जाऊन अर्धा तास बोलत राहिली. परत आली तेव्हा चेहरा सुजला होता. "आई म्हणते, उद्या नको. तिला निघायला एक दिवस हवा. आणि मुलगा आधी बघणार म्हणाली. नाही आवडला तर तोंडावर सांगणार म्हणाली."

"सांगू दे," आई म्हणाल्या. "तिचा हक हाय."

झालं, आमचे चार दिवस सहा झाले. हितेशने आमच्या गोदामाच्या भाडेकरूला फोन करून कसलीशी कारणं दिली. मधल्या दिवसांत आईंनी सगळा किनारा कामाला लावला. खोलीवाल्या बाईंनी माळ्यावरचं जातं काढून दिलं. हळकुंडं बाजारात मिळाली. जातं फिरवायला जटावाला बसला, गोंदणारी मुलगी बसली, आणि आई मधोमध बसून एकेक ओळ सांगायच्या आणि बाकीचे ती म्हणायचे, कसेही, पण मनापासून. तांदळाच्या पिठाचा चौक कसा काढायचा, ते इल्याला एका बैठकीत जमलं. कुंभारणीचा नवरा शोभतो, असं आई म्हणाल्या, आणि ते त्याला मी समजावून सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

मग आईंनी त्याच्याकडच्या नावांची यादी मागितली. आईचं नाव गलिना, मामाचं आर्कादी, आत्या दोन. त्या नावांवर आईंनी दुपारभर मेहनत घेतली. "गलिनाबाय बसतंय चालीन," त्यांनी मला सांगितलं, "पन आर्कादीमामाचा काय करू?" शेवटी तो 'अर्कादीमामाजी' झाला आणि बसला.

कमळताई सावंतवाडीपर्यंत एसटीने आणि तिथून रिक्षाने आल्या. मिरजेत शिवणाचे क्लास घेणारी, नीटनेटकी, ओठ घट्ट मिटलेली बाई. मायलेकी समोरासमोर आल्या आणि दोघींनाही काय करावं सुचेना. इल्याला कोणीतरी पाया पडायला शिकवलं होतं. त्याने वाकून थेट कपाळच वाळूला टेकवलं, उठला तेव्हा भुवयांना वाळू चिकटलेली. कमळताईंनी रुमाल काढला आणि त्याचं कपाळ पुसलं. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "किती वाळलीस गं." तोंडावर सांगायचं होतं ते त्यांनी काही सांगितलं नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं. चार बांबूंचा मांडव, आंब्याची पानं. एका बांबूला मोबाईल बांधला होता आणि त्यात गलिनाबाई लोकरी टोपी घालून बसल्या होत्या, मागे खिडकीत बर्फ. त्यांचं नाव धवल्यात आलं तेव्हा त्या फोनला इतक्या जवळ आल्या की पडद्यावर नुसता एक डोळा दिसायला लागला. आई तीन तास गायल्या. मधेच पाणी प्यायल्या, मधेच ऊन सरकलं म्हणून जागा बदलली, कोणी घड्याळ बघितलं नाही. एका ठिकाणी कमळताईंनी त्यांना हळूच थांबवलं आणि म्हणाल्या, "माझ्या भावाचं नाव राहिलं." आईंनी मागे जाऊन ते घेतलं.

संध्याकाळी रिंगणात मायलेकी नाचल्या. हितेशही नाचला, टोपी घालून.

परतीच्या वाटेवर आई कणकवलीपर्यंत झोपल्या. जाग आल्यावर म्हणाल्या, "रुचिका, तू शालेन शिकवतंस ना? मंग लिव." त्या दिवसापासून मी त्यांचे धवले लिहिते आहे. दोन वह्या भरल्या आहेत. लग्नाची बोलावणी आली की आई आता आधीच सांगतात की दोन तास लागतील, चालत असेल तर बोलवा. काही लोक नाही म्हणतात. जे हो म्हणतात त्यांच्याकडे आई जातात, आणि मी वही घेऊन मागे बसते.

क्षितिजा-इल्याच्या लग्नाची सरकारी नोंद पुढे बरेच कागद गोळा करून झाली. मे महिन्यात दोघं टेमघरला आले, कमळताईंना घेऊन. उकाडा असा की यंत्रमागांवरचे लूमवाले दुपारी कारखान्याच्या दारात येऊन उभे राहत होते. तरी आईंनी सगळ्यांना अकलोलीला नेलंच. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात इल्याने पाय घातला आणि चटकन बाहेर काढला. कमळताई मात्र पातळ सावरून सरळ कुंडात उतरल्या, गळ्यापर्यंत बुडाल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "राहीबाई, गुडघे मोकळे झाले हो." आई काठावर बसल्या होत्या. त्यांनी लुगडं वर खोचलं आणि त्याही उतरल्या.