गुरुवारची फौज

नंदकिशोर टेकाळे हा माणूस तसा अगदी सरळमार्गी. बावीस वर्षांपूर्वी परभणीकडून आला, चाकणच्या एका कंपनीत चिकटला, आणि गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर उभा राहिला तो आजतागायत उभाच आहे. विडी नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण असल्या माणसाला एखादं खूळ लागलं ना, की ते दारूपेक्षा वाईट. ह्याला सिनेमा काढायचं लागलं. बरं, सिनेमा तरी साधा? दोन माणसं आणि एक खोली, असलं काही नाही! पाचशे मावळ्यांची चढाई, दोरावरून दरी ओलांडणारा नायक, गुहेतला खजिना आणि शेवटी धडाधड पेटलेला गड. नाव ‘काळकड्याची स्वारी’. कँटीनमध्ये ऐकणारे पोट धरधरून हसले, आणि देवाशप्पथ सांगतो, त्यातलेच दोनशे जण पुढं त्याच्या फौजेत भरती झाले.

ह्याला कारण गुरुवार. भोसरी-चाकणकडच्या कित्येक कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. सगळ्या जगाला रविवार आणि ह्यांना गुरुवार! रविवारी पोरं घरी तर बाप कामावर, गुरुवारी बाप घरी तर पोरं शाळेत. मग करायचं काय माणसानं? एकदा झोपायचं, एकदा मोटारसायकल धुवायची, संपला दिवस. नंदकिशोरनं ह्या लोकांच्या हातात भाले दिले. ढाली म्हणजे रिजेक्ट झालेले पत्रे, तेही साहेबाची रीतसर परवानगी काढून उचललेले. त्याच्या बायकोनं, कस्तुरानं, मोशीच्या दीड खोलीत शिलाई मशीनवर दोनशे अंगरखे शिवले. आणि कंपनीच्या स्टोअरमधले सोपानराव, चाकणचेच मूळचे, साठीला टेकलेले, ते झाले किल्लेदार. मिशा त्यांच्या स्वतःच्या होत्या, तेवढाच खर्च वाचला.

“आमचं माळरान हाय की पडून,” सोपानराव म्हणाले. “जाळा गड तिथं.”

गड प्लायवूडचा. पहिल्या वेळी पेटेचना. दुसऱ्यांदा वाऱ्यानं असा पेटला की कॅमेरा सुरू व्हायच्या आत अर्धा गड खलास! तिसरा बांधायला चार महिने गेले. असं करत सात वर्षं लोटली. मोशीत घेऊन ठेवलेली जागाही त्यात गेली, पण त्याचं रडगाणं नंदकिशोरनं कधी गायलं नाही, तर मी तरी कशाला गाऊ?

त्याला नाव नको होतं, बक्षीस नको होतं. उन्हात डोंगर चढून चढून दमलेली माणसं विचारायची, “टेकाळे, आम्ही दिसणार ना पण?” तेव्हा तो सांगायचा, “दिसणार म्हणजे? भिंतीएवढ्या पडद्यावर, बायकापोरांच्या देखत!” हा त्याचा शब्द. सात वर्षांत त्यानं कुणाला मोबाइलवर मिनिटभरही सिनेमा दाखवला नाही. सगळ्यांनी एकदम, एकत्र बसून स्वतःला बघायचं, एवढी एकच आस त्या माणसानं धरली होती.

शेवटी चिंचवडच्या एका मॉलमधलं थिएटर मिळालं. रोज एक खेळ, दुपारी बाराचा. मुदत एक आठवडा, शुक्रवार ते गुरुवार. कागदावर ‘गुरुवार’ वाचून त्याला वाटलं, देवानंच सही केली. कारखान्यातला माणूस तो. आठवडाभराची ऑर्डर म्हणजे सात दिवस माल जाणार, ह्यात शंका कसली? घरी जायच्या आधीच त्यानं ग्रुपवर टाकलं: ‘शुक्रवार ते बुधवार कोणीही यायचे नाही. सुटे सुटे बघून मजा घालवू नका. गुरुवारी बाराला सर्वांनी सहकुटुंब यावे.’ दोनशे अंगठे आले. सांगितलेलं ऐकायची सवय असलेली माणसं ती, त्यांनी ऐकलं. इथंच तो फसला.

शुक्रवारी सहा जण आले. त्यातलं एक जोडपं नुसतं एसीत बसायला. शनिवारी पाच. रविवारी, म्हणजे जगाच्या सुट्टीला, अकरा. थिएटरचा मॅनेजर सलिल हा तिशीतला, तोंडाचा गोड मुलगा. आठवड्याची रजा काढून रोज दारात उभ्या राहणाऱ्या नंदकिशोरला त्यानं बाजूला घेतलं.

“काका, तुमची माणसं कुठेत? दोनशे म्हणाला होतात. उद्यापासून बोलवा ना.”

“गुरुवारी येताहेत सगळी.”

“गुरुवारी? गुरुवारी कोण पिक्चर बघतं हो?”

नंदकिशोर हसला. हसला, अहो! पोराला काहीच माहीत नाही म्हणून त्याची कीव आली त्याला.

घरी कस्तुरानं मात्र विषय काढला. “अहो, नाइट शिफ्टवाल्यांना तरी बोलवा की. पन्नासएक जण येतील, खुर्च्या भरतील.”

“कामून बोलवू? पन्नास जणांनी आधी बघितला, मग बाकीच्यांना काय तोंड दाखवू? शब्द दिलाय.”

सोमवारी चार, मंगळवारी तीन. बुधवारचा खेळ सुटला आणि सलिल समोर येऊन उभा राहिला. परवाच्या शुक्रवारी एक अवाढव्य सिनेमा लागत होता. त्याचे आगाऊ खेळ गुरुवारीच ठेवायचे, सगळ्या पडद्यांवर, असा मुंबईहून निरोप होता.

“पण कागदावर आठवडा लिहिलाय!” नंदकिशोर म्हणाला.

सलिलनं कागदाच्या तळाची बारीक ओळ दाखवली. प्रेक्षक कमी असल्यास खेळ कधीही बंद करण्याचा हक्क थिएटरला होता. सकाळी आठचा तरी एक खेळ द्या, म्हणून नंदकिशोरनं अक्षरशः हात जोडले. सलिलनं त्याच्यासमोरच मुंबईला फोन लावला, दोनदा लावला, आणि खाली ठेवला. “काका, मी पण नोकरच आहे,” तो म्हणाला.

ग्रुपवर नंदकिशोरनं तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. आपणच ह्यांना आठवडाभर अडवून धरलं, हे लिहायचं कुठल्या शब्दांत?

गुरुवारी अकरालाच मॉलसमोर दोन बसगाड्या, मोटारसायकलींची रांग आणि सोपानरावांच्या पुतण्याचा टेम्पो लागला. नव्या साड्या, गजरे, शाळा बुडवून आणलेली पोरं, आणि सगळ्यांपुढं कडक इस्त्रीतले सोपानराव, मिशांना तेल लावून. पोस्टर शोधत त्यांच्या माना इकडंतिकडं फिरत होत्या. नंदकिशोर पायरीवर उभा राहिला आणि एका दमात सांगून मोकळा झाला.

“पुढच्या गुरुवारी?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाही. उतरला तो उतरला.”

“आसं व्हय,” सोपानराव म्हणाले.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण राग कुणालाच आला नाही. पोरं रडायला लागली, आयांनी त्यांना गप्प केलं, आणि कुणीतरी म्हणालं, आलोच आहोत तर तो दुसरा तरी बघू. बघता बघता रांग लागली. सोपानरावांनी नंदकिशोरचा हात धरला. “चला वो टेकाळे. एकलं भाईर काय बसायचं?”

पडद्यावर लाख लाख सैन्य समुद्रासारखं येत होतं. डोंगर फुटत होते, आकाशाला भिडलेले गड जळत होते. नंदकिशोरनं पडदा फारसा बघितलाच नाही. तो आपल्या फौजेकडं बघत होता. माणसं शिट्ट्या मारत होती, पोरांना उचलून दाखवत होती. सात वर्षं त्यानं मनात त्यांच्या तोंडावरचं जे हसू रंगवलं होतं, तेच ते, जसंच्या तसं. फक्त दुसऱ्याच्या सिनेमासाठी.

इंटरव्हलला नंदकिशोर आणि कस्तुरा बाहेरच्या बाकावर बसले होते, तिथं सोपानराव पॉपकॉर्नचा डबा घेऊन आले. डोळे नुसते चमकत होते.

“टेकाळे, राग नका धरू. पण पिक्चर म्हंजे आसा पायजे बगा. आपलं ते लोकांनी बगितलं आस्तं तर हसली आस्ती आपल्याला. झालं ते बरंच झालं, न्हाई लागला ते.”

म्हातारा समजूत घालत होता, मनात कपट नव्हतं. नंदकिशोरनं त्यांच्या डब्यातले चार दाणे उचलले आणि म्हणाला, “खरंय.” तोंडदेखलं नव्हे. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं.

घंटा झाली. सगळे आत गेले, त्यांच्याबरोबर नंदकिशोरही गेला. कस्तुरा मात्र बाकावरच बसून राहिली. तिला ते ‘खरंय’ गिळवेना.