कळीवर धरलेला हॅलोजन

परवा बीडच्या एका मंगल कार्यालयात पाऊल टाकलं आणि तापलेल्या हॅलोजनवर धूळ जळते ना, तो वास नाकात घुसला. स्टेजभर जांभळ्या ऑर्किडची फुलं खोचलेली, त्यांच्यासमोर उभं राहून माणसं फोटो काढतायत. मला मात्र तिथं बसवेना. परळीच्या घरातली आत्या आठवली.

मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. माझ्या वडिलांनी, तिच्या थोरल्या भावानं, तिला मागची खोली दिली. वीज केंद्राच्या उडत्या राखेपायी तिथली खिडकी बारा महिने बंद. बदली होऊन गेलेल्या शेजारणीनं दिलेलं ऑर्किडचं रोप तिनं त्या अंधारात जगवायला घेतलं. ऊन आणायचं कुठून? आधी पिवळा बल्ब लावला, पानं करपली. मग दुकानदारानं झाडांसाठीचा म्हणून जांभळा दिवा गळ्यात मारला, तर समोरची बाई दारातूनच म्हणाली, "कावून गं, करणी-बिरणी चालू हाय का घरात?" वडिलांनी तो उपटून फेकला. शेवटी साधी पांढरी एलईडी पट्टी आली. आत्या तिच्याखाली पानांच्या उंचीवर तळहात धरून बसायची. ऊब लागली की पट्टी आणखी वर बांधायची. दिवेलागणीला बंद करायची. "झाडालाबी झोप लागती, बाई," म्हणायची. आपल्या हातचं एक फूल बघायचं, एवढंच तिला हवं होतं. कित्येक वर्षांनी एका हिवाळ्यात कळ्यांचा तुरा आला. इतकी हसलेली आत्या मी त्याआधी पाहिली नव्हती.

नेमके तेव्हाच वडिलांकडे कुणी पुढारी चहाला येणार होते. जन्मात त्या रोपाकडे न बघणारे वडील म्हणाले, "असं फूल अख्ख्या परळीत न्हाई, साहेबांना दाखवू." कळ्या उमलेनात, तर मांडववाल्याचा हॅलोजन आणून तुऱ्याशी टेकवला. "दादा, पाया पडते, जळंल ते," आत्या म्हणाली.

"लई उजेड दिला की लवकर फुलतंय. तुला काय कळतंय?" म्हणत त्यांनी खोलीला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी कळ्या गळून पडलेल्या. साहेब आले, चहा पिऊन गेले, आत कुणी डोकावलंही नाही. ते गेल्यावर वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "वांझोट्या हाताला फूल येत असतंय व्हय!"

आत्यानं रोप उकिरड्यावर टाकलं आणि भाकरी थापायला बसली. पुढं जगली तोवर तिनं काही लावलं नाही, तुळससुद्धा नाही.

काळ म्हणे सगळं पुसतो. पुसत असेल एखाद्याचं! वडील आता थकलेत, बहिणीची आठवण काढून रडतात. झालं गेलं गंगेला मिळालं, असं लोक मला समजावतात. मी वडिलांना वेळेवर जेवू घालते, त्यांचे पाय चेपते. माफ मात्र केलेलं नाही.