पत्र्याखालची ऊब

सूर्य मावळल्यावर घरं काय करतात याची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. भाऊजी खामगावच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी नवे रस्ते आणि नवी धरणं असायची. भाऊजींना मात्र एकच प्रश्न सतावायचा, की दिवसभर भिंतींनी आणि छपरानं साठवलेली ऊब रात्री जाते कुठं, किती, आणि कोणत्या वाटेनं.

कुणाच्याही घरी गेले की रामराम करण्याआधी त्यांचा तळवा भिंतीवर जायचा. रोहिणखेडला एका लग्नात मुलीचे वडील टोपी-उपरणं घेऊन त्यांची वाट बघत उभे, आणि भाऊजी गायब. दिवेलागणीला सापडले ते तिथल्या जुन्या मशिदीच्या बाहेर, दगडी भिंतीला पाठ लावून बसलेले. शेजारी गावातले एक वयस्कर मियाँ उभे होते. त्यांनी विचारलं, ''मास्तर, दीवार को बुखार है क्या?'' भाऊजी अगदी गंभीरपणे म्हणाले, ''टेकून पाहा. हिचा ताप पहाटेलोक उतरत नाई.'' मियाँही टेकले, आणि मग दोघं कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. लग्न लागून गेलं.

घरात पितळी ताटं कधी जागेवर नसायची. भाऊजी पाणी भरून एक अंगणात उघड्या आभाळाखाली ठेवत आणि दुसरं निंबाखाली. उघड्यावरचं पाणी सकाळी जास्त गार निघालं की दिवसभर खूश. ''आभाळ ओढून घेते,'' ते ताईला सांगत, ''ढग असले की पांघरूण असते, नसले की सारं वर चाललं जाते.'' ताई ताटं घासता घासता म्हणायची, ''जाऊ द्या न मंग. आपल्यापाशी गोधड्या आहेत.''

आता मोठ्या इमारतींसाठी असले हिशेब यंत्रावर होतात म्हणे. भाऊजी ते मांडीवर पाटी घेऊन करत. छप्पर किती घालवतं, भिंत किती, फटींतला वारा किती नेतो आणि जमीन किती परत देते, हे तासातासानं मांडायचं आणि पहाटे खोली किती थंड असेल तो आकडा आदल्या संध्याकाळीच सांगायचा. सकाळी थर्मामीटर वेगळंच बोललं की त्या दिवशी शाळेतली मुलंसुद्धा जपून वागत.

मी तेव्हा जळगाव जामोदला शाळेत शिकवत होते. आमची आई नव्हती, म्हणून ताईच्या बाळंतपणाला मीच रजा काढून खामगावला आले. त्या वर्षी थंडी कडक होती, आणि बाळ दिवस भरायच्या आत आलं. मुलगी इतकी लहान की माझ्या ओंजळीत मावली असती. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, ''हिला औषधापेक्षा ऊब लागेल. अंग गार पडू देऊ नका.''

घर भाड्याचं होतं, वर नुसते पत्रे. ऊन उतरलं की ते कडकड वाजत आखडायचे.

भाऊजींच्या आईनं कोळशाची शेगडी पेटवून बाळंतिणीच्या खोलीकडे आणली. भाऊजी दारात आडवे उभे राहिले.

''काऊन अडवून राह्यला? पोरगी गारठून मरन न.''

''दार लावून कोळसे जाळले त सारेच मरतीन, आई. त्याचा जहरी वायू दिसत नाई, वास येत नाई.''

''मंग कर तुह्या मनानं. पोरीले काई झालं त मले तोंड दाखवू नको.'' म्हातारी त्यांच्याकडे पाठ करून बसली.

भाऊजींनी पाटी घेतली. शेवटचा आकडा आला तसा त्यांनी तो बाहीनं पुसून टाकला, आम्हाला दिसू दिला नाही. ''छप्पर,'' एवढंच मला म्हणाले, आणि चपला न घालताच करीमचाचा पिंजाऱ्याकडे गेले. चाचांनी विचारलं, ''गादी किस के लिए, मास्तर?'' भाऊजी म्हणाले, ''छपराले.'' चाचा हसले नाहीत. ''छोटी के लिए ना? चलो.''

दुपारभर दोघांनी गोणपाटांत पिंजलेला कापूस भरला, त्याच्या जाड गाद्या शिवल्या आणि पत्र्याखाली आढ्याला ताणून बांधल्या. मी आणि शेजारणींनी भिंतींच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. अंगणात उन्हात तापलेले काळे दगड दिवस कलायच्या आत पोत्यांत गुंडाळून खाटेखाली सरकवले, भिंतीकडेनं गरम पाण्याचे हंडे मांडले. मग भाऊजींनी पाटीवर नवा आकडा लिहिला. तोही फारसा धीर देणारा नव्हता. ताई, बाळ, सासू, मी आणि भाऊजी, सगळे आत बसलो आणि दार लोटलं.

रात्र कशी गेली ते सांगत बसत नाही. उजाडलं तेव्हा बाळाचे तळपाय कोमट होते आणि ती दूध ओढत होती. म्हातारीनं ते पाय पुन्हा पुन्हा चाचपले आणि मला म्हणाली, ''चहा ठेव वं. माह्या पोरानं रातभर डोळा नाई लावला.''

पोरगा मात्र थर्मामीटर हातात धरून कपाळाला आठ्या घालून उभा होता. खोली आकड्यापेक्षा बरीच उबदार निघाली होती. त्यांनी पाटीवर पुन्हा छप्पर पाहिलं, भिंती पाहिल्या, दगड पाहिले. चूक सापडेना.

ताई पडल्या पडल्या म्हणाली, ''आमाले धरलं काय त्याच्यात?''

''कोणाले?''

''आमी इतके जन आत होतो. माणसाच्या अंगाले ऊब नसते काय?''

''वर्गात शिकवतो मी हे,'' भाऊजी हळूच म्हणाले. मग खाली बसले आणि त्यांनी पाटी पुसायच्या फडक्यात तोंड लपवलं. म्हातारीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात माझी रजा संपली. बाळ तगलं होतं, पण थंडी हटली नव्हती. भाऊजींनी कधी कुठल्या पाहुण्याला राहा म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी पिशवी भरून चपला घालत होते, तर ते दाराशी येऊन घुटमळले.

''मास्तरीणबाई, थंडी सरेलोक राह्यता काय?''

''काऊन?'' मी मुद्दाम त्यांच्याच सुरात विचारलं.

जमिनीकडे बघत ते म्हणाले, ''हिशेबात तुमी आहा.''

मी शाळेला तार केली आणि संक्रांतीपर्यंत राहिले.

भाऊजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. राहायचा आग्रह पुढं मला अनेकांनी केला, आणि बहुतेकांनी तो त्यांच्यापेक्षा गोड शब्दांत केला. पण कुणाच्या सांगण्यावरून मी भरलेली पिशवी अशी मुकाट्यानं परत सोडल्याचं मला आठवत नाही.