संत्र्याला सफरचंद म्हणणारे सर

जर्मन भाषा मी शिकले ती सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळच्या एका चिंचोळ्या खोलीत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते. सर गिरणीतून निवृत्त झालेले कारकून. जर्मनीहून आलेल्या यंत्रांची माहितीपुस्तकं वाचता वाचता भाषा आपली आपणच शिकलेले. जर्मनी कधी पाहिली नव्हती. वर्गात आम्ही सहा जण. त्यात माझ्या जिभेला हाड नव्हतं.

एका संध्याकाळी सर म्हणाले, "संत्र्याला म्हणायचं आपफेल्झीने. आपफेल म्हणजे सफरचंद, झीने म्हणजे चीन. चीनहून आलेलं सफरचंद!"

"काय ओ सर, काय बी सांगताय! संत्र्याला सफरचंद? मग बटाट्याला काय म्हणतात?" मी फटकन म्हणाले.

"त्यालाही काही भागांत जमिनीतलं सफरचंदच म्हणतात, पोरी," सर अगदी सरळपणे म्हणाले. "नव्या फळाला ओळखीचं नाव देतात माणसं. आपली मोसंबी नाही का मोझांबिकवरून आली?"

झालं! सगळे पोट धरून हसायला लागले. मला आणखीच चेव आला. "सर, तुम्ही जर्मनीला गेलाय का कधी? की गिरणीत बसूनच ठोकून देताय?"

खडूचे हात धोतराला पुसून सरांनी पुढचा धडा घेतला. 'सर थापा मारतात' हे मीच कॉलेजभर केलं, तेही तिखटमीठ लावून. जळो ती जीभ! महिन्याभरात वर्ग ओस पडला.

दोन वर्षांनी पुण्यात, ग्रंथालयातल्या जाडजूड शब्दकोशात तो शब्द सापडला. चीन, सफरचंद, सगळं सर म्हणाले होते तसंच. बटाटासुद्धा! लाजेनं माझी कानशिलं तापली. ते पान मी कागदावर उतरवून घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत थेट सरांचं दार वाजवलं.

"सर, चुकले मी. तुमचंच बरोबर होतं. वर्ग पुन्हा सुरू करा, पोरं मी गोळा करते."

"अहो, बसा ना तुम्ही," सर म्हणाले. मला पोरी म्हणणारे सर!

त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"बरोबर असेल हो," ते म्हणाले. "पण आता पुस्तक उघडलं की मला प्रत्येक शब्दाचीच शंका येते."