चुन्यात उतरलेली कावीळ

नागावात आमच्या शेजारच्या होमस्टेची भिंत चुन्याने रंगवतायत. तो ओला वास आला की मी आजही खिडक्या लावून घेते.

काविळीने ताईचे डोळे हळदीसारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, "लगेच ॲडमिट करा." आई म्हणाली, "काविळीला डाक्तरकडं औषद न्हाय," आणि तिला कावीळ उतरवणाऱ्या बुवाकडे घेऊन गेली. मीही सोबत होते. त्याने ताईच्या हातांना कसल्यातरी सालीचा रस चोळला आणि वर चुन्याचं पाणी ओतलं. परातीत पिवळंधमक पाणी साचलं.

"बघा, उतरली!" पानाची पिंक टाकत बुवा म्हणाला.

ताईला उठवताना तो रस आईच्याही हातांना लागला. तिने चुन्याच्याच पाण्याने हात धुतले, तर धार पिवळीच पडली. आईला कुठली कावीळ!

आठवड्यात ताई गेली. आई अजून सांगते, "उतरली होती गो, मी माझ्या डोळ्यांनी बघितली."