झाडपाल्यानं काही होत नाही

किस्से कोणी जमवत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एका बाकावर चार पेन्शनर रोज सकाळी बसले, की ते आपोआप साचतात, टेबलाखालच्या निकाली फायलींसारखे. आमचे आजार मोजके, बाटल्या मात्र भरमसाट! कुणाचा अर्क, कुणाचं सत्त्व, कुणाचं सप्लिमेंट. आणि वर ठरलेलं वाक्य : "झाडपाल्यानं काही होत नाही."

*

नामदेवराव तहसीलमधले, माझ्यासारखेच बाबू. शुगरची गोळी चालू होतीच. त्यावर कारलं-जांभळाचा रस, गुडमारची कॅप्सूल आणि मेथीचा अर्क. नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते आडवेच झाले. कुणीतरी तोंडात साखर घातली. डोळे उघडले तर काउंटरवरचा माणूस विचारतोय, "काका, आहात ना? मग इथं अंगठा ठेवा!"

दुसऱ्या दिवशी बाकावर आम्हालाच म्हणाले, "पाहा, शुगर कशी खाली आणली!"

*

मेश्राम समुद्रपूरच्या एसटीवरचे कंडक्टर. रक्त कमी म्हणून लोहाची कॅप्सूल, हाडांसाठी कॅल्शियम, पोट उतरावं म्हणून ग्रीन टीचा अर्क. सहा महिन्यांनी रक्त जिथल्या तिथं, पोटही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चहाचा अर्क आणि कॅल्शियम, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. सगळं एकत्र घेता?"

"एकाच घोटात, मॅडम! तीनदा पाणी काऊन प्यावं?"

"म्हणजे एक पॅसेंजर चढतो आणि दोघं त्याला उतरवतात," सोबत गेलेला मी म्हणालो. मेश्राम आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

ढोकेगुरुजी आंजीच्या शाळेतून रिटायर झालेले, फार भिडस्त. बायको गेल्यावर आम्ही त्यांची तब्येत मनावरच घेतली. नामदेवरावांनी हृदयासाठी लसणाच्या कॅप्सूल दिल्या. मेश्रामांनी माशाचं तेल दिलं, आणि गुरुजी अंडंही न खाणारे! मी गुडघ्यांसाठी हळदीचा अर्क दिला, चांगला महागातला. कुणी कुणाला सांगितलं नाही. उपकार गुपचूप करावेत म्हणतात.

मे महिन्यात बाकावरच गुरुजींच्या नाकातून रक्त आलं. सदरा लाल झाला.

"घोळणा फुटला," नामदेवराव म्हणाले. "वर्ध्याचं ऊन हाय ते!"

कांदा फोडून हुंगायला दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त, पुन्हा कांदा. आमच्याकडे मे महिन्यात नाकातून रक्त येणं हा आजार नव्हे, हवामान आहे.

*

जूनमध्ये गुरुजी न्हाणीत घसरले. डोक्याला टेंगूळ, तेवढंच. संध्याकाळपर्यंत बोलणं बंद झालं. आत रक्तस्राव होता आणि तो थांबेना.

"औषधं कोणती घेत होते?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"रक्त पातळ करायची एक गोळी, हार्टवाल्या डॉक्टरांनी दिलेली," गुरुजींची सून म्हणाली. "बाकी काही नाई."

आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायच्या निमित्तानं सटकलो आणि डॉक्टरांना गाठून हळदीचं सांगितलं. ते मान वर न करता म्हणाले, "लसूणवाले आणि माशाच्या तेलवाले येऊन गेले. तुम्ही तिसरे."

"एवढ्याशा हळदीनं...?"

"एकेकटं कदाचित चाललं असतं, काका. पण ही तिन्ही रक्त पातळ करू शकतात, आणि गोळी तर आधीचीच होती."

गुरुजी चौथ्या दिवशी गेले.

*

तेरवीची जेवणं झाल्यावर सुनेनं आम्हाला आत बोलावलं. टेबलावर तीन बाटल्या होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवलेली, आणि गुरुजींच्या वळणदार अक्षरात देणाऱ्याचं नाव.

"बाबांच्या कपाटात होत्या. ज्याची त्याले देऊन टाकावी म्हटलं, काका."

नामदेवरावांची बाटली रिकामी. मेश्रामांच्या बाटलीत तळाला दोन कॅप्सूल. दोघांनी मान खाली घालून घेतल्या.

मग तिनं माझी पुढं केली. सील फोडलेलं नव्हतं.

मेश्रामांनी ते झाकण निरखलं. मग हळूच म्हणाले, "बाबूजी, तुमच्या बाटलीले तं हातच नाई लावला गुरुजीनं!"

मी बाटली उलटी करून पाहिली. एक्स्पायरीला अजून दीड वर्ष होतं.